सहीचा हात

सकाळचं कोवळं ऊन पायरीवर उतरतं तेव्हा आमचे हे कोल्हापूरच्या घराच्या अंगणात उभे असतात आणि शेजाऱ्याच्या सुरू मोटारसायकलच्या टाकीवर तळहात ठेवून डोळे मिटून घेतात. ते ऐकत असतात. कानांतलं बरंचसं जग विमानांच्या गर्जनेने केव्हाच नेलं. उरलेलं ते असं हाताने चाचपून घेतात. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात निदान होतं, "इंजिनातलं टॅपेट वाजतंय की हो पावणं!" मी खिडकीतून ओरडते, "अवो, हळू! कागलपतुर कळलं समद्यांस्नी!" पण ते कुठलं त्यांना ऐकू जायला.

नेसरीकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा नौदलात तंत्रज्ञ झाला आणि जन्मभर एकाच यंत्राच्या सहवासात राहिला. हॅरियर. लांबलचक धावपट्टीची मनधरणी न करता जागच्या जागी वर उठू शकणारं, समुद्रावर अधांतरी निश्चल थांबणारं आणि जहाजाच्या पाठीवर सरळ खाली उतरणारं विमान. पोटाशी इंजिनाचा झोत सोडणारी चार तोंडं. ती मागे वळली की पुढची झेप, खाली वळली की हवेतलं ते अद्भुत स्थैर्य. त्या क्षणी पंखांचा काडीचा उपयोग नसतो, सगळा भार तप्त वाऱ्यावर. इंजिन फार तापू नये म्हणून आत पाणी सोडायचं, आणि तेही जेमतेम दीड मिनिट पुरणारं. तेवढ्यात उतरायचं, नाहीतर निघून जायचं. सुट्टीत गावी आले की हे ताटवाट्या मांडून सगळं समजावून सांगत. माझे सासरे शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "मग पंख कशाला लावल्यात रं त्याला?"

गोव्याच्या तळावरच्या वसाहतीत आमचा संसार त्या आवाजात वाढला. फळीवरच्या डब्यांची झाकणं थरथरत आणि मी पोळी लाटता लाटता थांबे. कारण उड्डाणाआधी तपासणीच्या कागदावर सही यांची असे. विमान ठीक आहे, एवढंच ती सही म्हणायची. पण तिच्या भरवशावर कुणाचा तरी तरुण मुलगा आत बसून निघून जायचा. मग हे बसत नसत. विमान परत येईपर्यंत उन्हात, वाऱ्यात, पाय दुखले तरी उभेच. सोबतचे लोक चेष्टा करत, "चीफ, तुम्ही बसलात तर ते पडणार आहे का?" चेष्टाच ती, पण मला ऐकवत नसे.

एके दुपारी एका तरुण वैमानिकाला आत बसवून झाल्यावर यांनी पाण्याची टाकी भरली, झाकण लावलं, खाली उतरले. विमान नजरेआड झालं आणि यांच्या मनात आलं, झाकणाची खिट्टी आपण फिरवली का? आठवेना. ती सुटली तर पाणी वाटेतच सांडणार आणि उतरताना इंजिनाला मिळणारच नाही. बोटांना विचारलं, बोटंही गप्प. विमान परतेपर्यंतचा तो काळ यांच्या चेहऱ्यावर कायमचा बसला. विमान अलगद उतरलं. हे शिडी लावून वर चढले. खिट्टी घट्ट फिरवलेली होती. चूक झालीच नव्हती, तरी त्या संध्याकाळी घरी येऊन हा धिप्पाड गडी मोरीत तोंड धूत राहिला, धूतच राहिला. "सरांच्या आईला मी काय तोंड दावलं असतं गं?" एवढंच म्हणाले.

पुढे त्या विमानांच्या निवृत्तीचा दिवस आला. काळाने त्यांना मागे टाकलं होतं. सुटे भाग मिळणं दुरापास्त झालं होतं. निरोपाला जमलेल्यांचे डोळे भरून आले होते. मला मात्र, खोटं कशाला सांगू, पेढे वाटावेसे वाटत होते. शेवटचं विमान उतरलं, गर्जना हळूहळू विरली, आणि त्या अपरिचित शांततेत हे माझ्याजवळ येऊन खुर्चीत बसले. "झालं बघ. समदी उतरली. आता सही न्हाय." किती वर्षांनी मी यांचे खांदे सैल झालेले पाहत होते! पण त्या एका दुपारचा खडा अजून आत कुठेतरी रुतलेला होता, हे मला ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात तेच वैमानिक आमच्या कोल्हापूरच्या घरी जेवायला आले. आता केस पिकलेले, सोबत बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. "भाभी, अजून थोडा पांढरा रस्सा," असं मोडक्या मराठीत म्हणत साहेब पोटभर जेवत होते. आणि हे एकाएकी बोलले. टाकी, झाकण, खिट्टी, ती दुपार, सगळं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून. मग ओशाळून म्हणाले, "माफ करा चीफ. तो दिवस मला आठवतच नाही."

आणि हे असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. "न्हाय न्हवं आठवत? लई ब्येस झालं सर!" मीही पदराने डोळे टिपले. त्या पोरीला काहीच कळलं नाही. ती वडिलांच्या ताटातली कांद्याची फोड उचलून खात होती.

पडलेल्या विमानांचे दिवस लोक विसरत नाहीत. पण विमान सुखरूप परतल्यामुळे कुणाच्याच आठवणीत न उरलेले दिवसही काळाजवळ असतात, आणि माझ्या नवऱ्याने जन्मभर उभं राहून तेच घडवले.