चाळीस मीटर

मास्तरांनी चाप ओढला आणि चाळीस मीटरवरचा जिलेटीनचा ठोकळा हलला. ते मोजपट्टी घेऊन गेले, वाकले आणि वाकलेलेच राहिले. रबरी गोळी नेहमीसारखी थडकून खाली पडली नव्हती. मांसाच्या जागी मांडलेल्या त्या ठोकळ्यात ती चांगली बोटभर आत शिरली होती.

"ही कुठल्या खोक्यातली?"

सहायक बाईंनी जीभ चावली. "सर, काल ठोकळ्यांबरोबर ते खोकं चुकून फ्रीजमध्ये गेलं. आत्ताच काढलं. ही बाद धरू या का?"

"उद्या माझा डबा भराल बंदुकीत," मास्तर म्हणाले, पण त्यांचं त्यांनाच हसू आलं नाही.

प्रयोगशाळेत त्यांना मास्तर म्हणत, कारण नियमापुढे ते कुणालाच जुमानत नसत. नियम असा, की गोळ्या दिवसभर वीस अंशांच्या खोलीत ठेवायच्या, मगच झाडायच्या. अशा शेकडो गोळ्या झाडून त्यांनी अहवाल दिला होता : चाळीस मीटरवर फक्त मुका मार. गेल्या आठवड्यात मोर्चात एक शिक्षिका गळ्याला रबरी गोळी लागून दगावली. पोलीस म्हणाले, चाळीस मीटर. तिच्याबरोबरचेही तेच म्हणाले. दोन्हीकडचे चुकताहेत, असं मास्तर छातीठोकपणे सांगत होते.

पोलिसांची गाडी गोळ्यांसकट रात्रभर गोठवणाऱ्या थंडीत उघड्यावर उभी असते आणि गारठलेलं रबर दगडासारखं कडक होतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांनी त्याच खोक्यातल्या आणखी तीन झाडल्या. तिन्ही आत गेल्या. आजही मोर्चा होता, आणि लेक सकाळीच बाहेर पडली होती.

त्यांनी फोन लावला.

"कुठे आहेस?"

"चौकात. बाबा, घरी ये म्हणू नका हं."

"आधी मागे हो. सगळ्यांना मागे घे."

"अहो, आम्ही काय वेडे आहोत? तुमचा अहवाल इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पोलिसांपासून मोजून रस्त्यावर खडूने रेघ मारलीय. पुढे कुणाला जाऊच देत नाही. म्हातारी माणसंसुद्धा बिनधास्त उभी आहेत. मी स्वतः मोजलंय, दोनदा."

"शंभरवर जा! ऐकतेस का? माझं चुकलंय!"

पलीकडे कर्ण्यावरून पोलिसांचा इशारा सुरू झाला.

"काय म्हणालात? काहीच ऐकू येत नाहीये, बाबा. चाळीसच ना?"