सरकीची खोली

पंजाबराव दुसरं लग्न ठरवून आले तेव्हा गोजरबाईला कुणी काही विचारलं नाही. झोपायची खोली रिकामी कर, एवढंच सांगितलं. तेही सासूनं, मनकर्णाबाईनं, भाकर थापता थापता.

"नवी पोरगी येऊन राह्यली. तिले का ओसरीत निजवू? तू आपली बाज सरकीच्या खोलीत टाक."

पिंपळगाव राजातलं ते धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर. पुढं ओसरी, मग माजघर, त्याला लागून झोपायची खोली, मागं चूल, आणि चुलीच्या भिंतीपलीकडं ही सरकीची खोली. ढोरांना चारायची सरकी तिथं पोत्यांनी भरलेली असायची. दोन बाजा शेजारी शेजारी मावणार नाहीत इतकी अरुंद. खिडकी नाही. धाब्याला एक भोक होतं, त्यातून उजेडाचा तुकडा खाली पडायचा. खवट तेलाचा वास, उखणलेली जमीन आणि उंदीर.

गोजरबाईला मूल झालं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीवर सगळं ठरलं होतं. तिचा धाकटा भाऊ शालिग्राम मेहकरहून लग्नाला आला, पंगतीत जेवला, आणि निघताना गाडीजवळ उभा राहून म्हणाला, "बाई, तुले घेऊन गेलो असतो व. पन माह्या घरीबी जागेचीच अडचन हाय." तिनं मान हलवली. गाडी वळेपर्यंत ती फाटकापाशी थांबली आणि मग पाहुण्यांची उष्टी काढायला आत गेली.

पहिले काही दिवस ती त्या खोलीत नुसती पडून राहिली. मग एका सकाळी उंदरानं तिचं बरं लुगडं कुरतडलेलं दिसलं आणि तिचं डोकं सणकलं. नवऱ्यावर काढायचा राग तिनं उंदरांवर काढला. फुटक्या काचा गोळा केल्या, मातीत कालवून सगळी बिळं बुजवली. सरकीची पोती एकटीनं ओढत गोठ्याच्या माळ्याखाली नेऊन टाकली. मुरूम आणून जमीन चोपली, तिच्यावर शेणामातीचा हात फिरवला. वास जाईना म्हणून कडुनिंबाचा पाला जाळून धूर केला. मनकर्णाबाई दारातून पाहायची, नाकाला पदर लावायची आणि निघून जायची.

माळीपुऱ्यातली रुक्मिणीबाई रोज टोपली घेऊन भाजी विकायला यायची. तिनं आत डोकावून पाहिलं.

"काय करून राह्यली व गोजरे?"

"राह्याची जागा करून राह्यली."

"इथं? इथं तं कोंबडी राह्याची नाई."

"कोंबडीले कोनी सांगतलं नसन," गोजरबाई म्हणाली.

दोघी हसल्या. त्या खोलीतलं ते पहिलं हसू. दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाईनं वाण्याच्या दुकानातून चहाचं रिकामं खोकं मागून आणलं. गोजरबाईनं ते भिंतीला आडवं लावलं. आत लुगडी, वर फणी-करंडा. हळूहळू तिला त्या खोलीचा नादच लागला. जमिनीवर जागा नाही, तर भिंती आहेत, वर धाब्याचे सर, लाकडी वासे, आहेत. तिनं सराला दोर बांधून बांबू लटकवला आणि गोधड्या त्यावर टाकल्या. बाज दिवसा भिंतीशी उभी करायची, म्हणजे पाय टाकायला जागा मोकळी. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड रचली. खालच्या मडक्यात जवारी, त्यावर डाळ, त्यावर तिखट-मीठ, अगदी वरच्या बोळक्यात सुईदोरा. भिंती लिंपून घेतल्या आणि त्या ओल्या असतानाच बाभळीच्या खुंट्या ठोकल्या. तुराट्यांचा खांद्याइतका कूड उभारून, दोन्ही अंगांनी लिंपून, लुगडं बदलायला आडोसा केला. तुराट्यांची खालची टोकं आधी विस्तवावर काळी केली, त्यांना बिब्ब्याचं तेल पाजलं. हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं.

अंधाराचा प्रश्न तिनं सगळ्यात शेवटी सोडवला. घासलेटचा फुटका डबा कापून पत्रा सपाट केला, राखेनं घासून लख्ख केला आणि भोकाखाली तिरका टांगला. वरून आलेला उजेड पत्र्यावर आदळून पलीकडच्या भिंतीवर पसरला. भिंत गढीच्या पांढऱ्या मातीनं सारवलेली होती. सगळी खोली एकदम उजळली. गोजरबाई मधोमध उभी राहून कितीतरी वेळ बघत राहिली. मग खाली, हात लागून मळतं तिथं, गेरूचा पट्टा ओढला आणि त्यावर बोटानं पांढरे ठिपके दिले. जुन्या काठांचं तोरण शिवून दाराला बांधलं.

गल्लीतल्या बाया पाहायला येऊ लागल्या. "इवल्याशा जागेत किती मावलं व माय!" म्हणायच्या. कुणी पत्रा कसा टांगला ते विचारायचं, कुणी आडोशाचं माप घेऊन जायचं. गोजरबाई सगळ्यांना सगळं सांगायची. वांझ म्हणून हळदीकुंकवात मागं बसवलेल्या बाईकडं आता बाया काहीतरी विचारायला येत होत्या, हे तिला आतून सुखावत होतं.

उन्हाळा लागला तसे एका दुपारी पंजाबराव दारात उभे राहिले. लग्नानंतर ते पहिल्यांदाच इकडं आले होते. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, वर पत्र्याकडं पाहिलं.

"बाहेर आग पडून राह्यली," ते म्हणाले. "इथं बरं हाय."

तिनं बाज आडवी केली, पाणी दिलं. ते आडवे झाले आणि त्यांना झोप लागली. गोजरबाई उंबऱ्यात बसून तूर निवडत राहिली. घोरणं तेच, ओळखीचं.

मग ते दुसऱ्या दिवशीही आले. नंतर रोजच. फार बोलत नसत. एकदा म्हणाले, "तुहा हात लागला का जागेले जागापन येते." एकदा विचारलं, "पावसात गळन का हे?" ती म्हणाली, "धाब्यावर खारी माती टाकली हाय म्या. पानी आलं का भोकावर मडकं उबडं घालीन. थेंब नाई यायचा." त्यांनी समाधानानं मान हलवली.

गोजरबाई दुपारी केस विंचरून बसू लागली. पाण्याचा तांब्या चिंचेनं घासून ठेवू लागली. रुक्मिणीबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. गोजरबाईच म्हणाली, "मानसाले कळते व रुक्मे. उशिरा कळते, पन कळते."

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी पंजाबराव आले ते एकटे नव्हते. मागं मनकर्णाबाई होती, आणि तिच्या मागं अन्नपूर्णा, नवी सून, पोटावर पदर धरून. पोरगी जेमतेम सोळा-सतराची. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं.

मनकर्णाबाईनं खोलीभर नजर फिरवली. "हवा लागत नाई, ओल नाई, चूल शेजारी. शेकाशेगडीले याच्यापरीस बरी जागा नाई."

गोजरबाईला आधी समजलंच नाही. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"म्या पाह्यलं ना इतले दिवस," पंजाबराव आईला सांगत होते. "भर दुपारीबी तपत नाई. लेकराले काई तरास नाई व्हायचा."

तिच्या हातातला तांब्या तिनं सावकाश खाली ठेवला. ते रोज येऊन इथं पडत होते ते एवढ्यासाठी. खोली किती तपते, किती गळते, ते बघायला.

"आन मी?" तिनं विचारलं.

"गोठ्याच्या बाजूची पडवी खालीच हाय," ते म्हणाले. "थोड्या दिसाचा सवाल हाय. आन तुह्यं काय, तू कुठंबी घर करतं."

ते वाक्य त्यांनी कौतुकानं उच्चारलं होतं. हेच तिला फार लागलं.

रुक्मिणीबाईला कळलं तेव्हा ती टोपली आपटून म्हणाली, "पाड तो कूड! पत्रा काढ, मडके घेऊन जाय. भिताडं ठेव त्यायले. तुहं हाय ते!"

गोजरबाईनं खरंच पत्र्याला हात घातला. तेवढ्यात अन्नपूर्णा आली आणि दारातच अवघडून उभी राहिली. "मोठ्याबाई, राहू द्या ना ते," ती म्हणाली. "मले अंधाराचा लय भेव लागते." गोजरबाईचा हात थांबला. पोरीवर राग काढावा तर तिला कुणी कुठं विचारलं होतं? तिनं पत्रा तसाच ठेवला. आपली लुगडी गाठोड्यात बांधली आणि पडवीत गेली.

पोरगा झाला. बारशाला पाहुणे आले. त्यात बुलढाण्याच्या कचेरीत कारकून असलेले भगवंतराव होते, पंजाबरावांचे मावसभाऊ. नागपूरच्या सरकारात नोकरी म्हणून घरात त्यांचा मोठा मान. बाळ पाहायला ते खोलीत आले आणि बाळ राहिलं बाजूला, खोलीच पाहू लागले. कोट-टोपीतला माणूस वाकून उतरंड बघत होता, पत्रा हलवून बघत होता.

"आम्ही बुलढाण्याला दोन खणांत पाच माणसं राहतो," ते म्हणाले. "पाय ठेवायला जागा नसते. आणि इथं एवढ्याशा खोलीत सगळं असून मोकळं वाटतं. खर्च तर काहीच नाही. कोणी लावलं हे?"

गोजरबाई दारात घुगऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. पंजाबरावांनी तिच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर बाळाकडं वळवली.

मनकर्णाबाई म्हणाली, "आमची अन्नपूर्णा. तिच्या हाताले वळन हाय. लक्षुमी हाय."

भगवंतराव अन्नपूर्णेकडं वळले. "वा, सूनबाई! आमच्या मंडळींनाही शिकवा."

अन्नपूर्णेनं मान खाली घातली. तिचे कान लाल झाले. पण ती बोलली नाही. एक शब्द पुरला असता. गोजरबाईनं त्या शब्दाची वाट पाहिली, मग ताट खाली ठेवलं, आणि घुगऱ्या वाढून बाहेर आली.

थोड्या दिवसांचा सवाल संपला नाही. सव्वा महिना झाला, पोरगा पालथा पडू लागला, रांगू लागला, खोली काही परत मिळाली नाही. गोजरबाईनं मागितलीही नाही. पडवीत तिनं एक पोतं अंथरलं होतं, उशाला गाठोडं. एका बाजूला गुरं, दुसऱ्या बाजूला वारा अडवायला फाटका तट्ट्या. तिनं तिथं एक खुंटीसुद्धा ठोकली नाही. जमीन सारवली नाही. जाणारा-येणारा मागं वळून पुन्हा बघायचा.

याची लाज मनकर्णाबाईला वाटू लागली. "असी काऊन राह्यतं व?" ती एक दिवस चिडून म्हणाली. "लोकं काय म्हनतीन?"

"मले पुरते, आत्याबाई."

मग पंजाबराव स्वतः चुन्याचा डबा आणि गेरू घेऊन आले. "पडवी नीट करून घे. आन माजघरबी एकडाव पाह्य. भगवंतराव बायकोले घेऊन येनार हाय, तिले दाखवाचं हाय."

"माह्ये हात दुखते," ती म्हणाली.

"तुहे हात?" ते हसले. ती हसली नाही. त्यांचंही हसू मग गेलं. डबा तिथंच ठेवून ते निघून गेले. चुना तसाच पडून पडून घट्ट झाला.

मिरगाच्या तोंडावर एका सकाळी अन्नपूर्णा पोराला कडेवर घेऊन पडवीत आली. रात्रभर रडल्यासारखे तिचे डोळे सुजलेले होते.

"मोठ्याबाई, कुडाले वाळवी लागली. खालून पार पोकळ झाला. वर खोक्यातबी चढली, माह्या मायचं एकच लुगडं होतं, ते खाल्लं. म्या वरून माती लावली, तं अजूनच वाढली. काय कराव?"

गोजरबाई विळीवर अंबाडी चिरत होती. काय करावं ते तिला ठाऊक होतं. कूड दरवर्षी पावसाआधी उपटून टोकं पुन्हा शेकायची, बिब्ब्याचं तेल पाजायचं. ओली माती लावली की वाळवीला आयतंच फावतं. सांगायला भाकर भाजण्याइतकाही वेळ लागला नसता. गल्लीतल्या सगळ्या बायांना तिनं हे न विचारता सांगितलं होतं.

पोरानं तिच्याकडं हात पसरले. त्याच्या ती ओळखीची होती. दिवसातून कितीदा तरी तो रांगत पडवीकडं यायचा.

"मले नाई मालूम," गोजरबाई म्हणाली.

अन्नपूर्णा तिथंच उभी राहिली. तिला खरं ठाऊक होतं, आणि गोजरबाईला ते दिसत होतं. मग पोरगी हलक्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी मी बोलाले पाह्यजे होतं."

"हाव," गोजरबाई म्हणाली. "पाह्यजे होतं."

पोराचे पसरलेले हात अन्नपूर्णेनं आपल्या मुठीत घेतले आणि ती परत गेली. गोजरबाईनं अंबाडी चिरून संपवली. जिभेवर काहीतरी कडू आल्यासारखं तिला वाटलं, म्हणून उठून तिनं चूळ भरली. ती चव गेली नाही. ढगांकडं पाहून तिनं पोतं थोडं आत ओढलं आणि गुरांना पाणी पाजायला गेली.