मधेच थांबलेली दांडी

मिक्सर घर्र करून थांबला, डोक्यावरचा पंखा मंदावला आणि फ्रीजही गप्प झाला. दुर्गाबाईंचा हात चटणीच्या भांड्यावर तसाच राहिला.

"कासीम, बघ! मी इथं उभी आहे. मी काही केलेलं नाही!"

"बघितलं की काकी," बोर्डापाशी उभा असलेला वायरमन कासीम म्हणाला. "तुमी तितं, मी हितं. कुणी हात लावला न्हाय."

दुर्गाबाई मटकन खुर्चीत बसल्या. हसावं की रडावं, त्यांना कळेना.

शहरातल्या सात रस्त्याजवळच्या शाळेत हयातभर कारकुनी केलेली ही बाई. दाखल्याला आलेल्या पोराचं तोंड पाहून बापाचं नाव सांगायची. निवृत्तीनंतर नवऱ्यानं, यज्ञेश्वररावांनी, हौसेनं चिंचोळी गावाच्या पलीकडं, विजेचा खांबही न पोचलेल्या माळावर घर बांधलं. छपरावर सोलर, जिन्याखाली बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. मग यज्ञेश्वरराव गेले. आई एकटी राहते म्हणून पुण्याच्या लेकीनं, ज्ञानदानं, मेन स्विचच्या जागी एक महागडा ब्रेकर बसवून घेतला. तारेत कुठं ठिणगी उडाली तर आग लागायच्या आत वीज तोडणारा.

तेव्हापासून घरातली वीज वाटेल तेव्हा जाऊ लागली. दुर्गाबाई ब्रेकरची दांडी वर ढकलायच्या, ती ऐकायची नाही. ज्ञानदा यायची तेव्हा मेन बंद आणि फ्रीजमधलं दूध नासलेलं. "आई, तूच बंद करतेस आणि विसरतेस." दुर्गाबाई आधी कडाकडा भांडल्या, मग गप्प झाल्या. कारण खात्री त्यांनाही नव्हती. चष्मा पिठाच्या डब्यात सापडत होता, फोनवर तीच गोष्ट पुन्हा सांगितली जात होती. मग मेन तरी कशावरून नाही? येत्या रविवारी ज्ञानदा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला येणार होती. खोली रंगवून तयार होती.

"सगळ्या जोडण्या आवळून बघितल्या, कुटंच ढिलं न्हाय," कासीम सांगत होता. "ब्रेकर चांगला हाय, पण लई भित्रा. तुमचा इन्व्हर्टर जुना, त्याची वीज खडबडीत. त्यात मिक्सरच्या मोटरीत बारीक ठिणग्या उडत्यात. ह्याला वाटतं, तारच जळाली. टाकतो तोडून."

"म्हणजे मी नाही?"

"न्हाय ओ! हे बघा. आपोआप पडला की दांडी अशी मधेच थांबती. हातानं बंद केला तर पार खाली जाती. चालू करताना आदी खाली दाबायची, मग वर."

दुर्गाबाईंनी स्वतः करून पाहिलं. आधी खाली, मग वर. पंखा फिरू लागला आणि त्यांना भरून आलं. त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला आणि कासीमच्या हातात दिला.

"ताई, काकींचं डोकं एकदम जागेवर हाय," कासीमनं ग्वाही दिली. "शनिवारी साधा ब्रेकर बसवतो, मग कटकटच न्हाय."

ज्ञानदा म्हणाली, "आईला सांगा, रविवारी नुसती भेटायला येते."

त्या आठवड्यात दुर्गाबाईंना वीज गेल्याचा आनंद व्हायचा. लगबगीनं जाऊन बघायच्या. दांडी मधेच. "घाबरलास होय रे?" असं म्हणून ब्रेकरला गोंजारायच्या.

शुक्रवारी दुपारी त्या घामानं जाग्या झाल्या. पंखा बंद होता. मिक्सरचं भांडं धुऊन पालथं घातलेलं होतं. त्या बोर्डापाशी गेल्या.

दांडी पार खाली होती.

दाराला आतून कडी होती. जेवण झाल्यावर आपण इथं आलो होतो का? खाली दाबली आणि वर करायची राहिली? की उगाचच बंद केली? शाळेतल्या जुन्या वर्गांची हजेरी त्यांना ओळीनं आठवत होती, दुपारचं मात्र काहीच आठवेना. त्यांना भीती वाटली. त्यांनी दांडी वर केली आणि पंख्याखाली कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या.

शनिवारी कासीम नवा ब्रेकर घेऊन आला.

"याची दांडी मधे थांबते का रे?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"न्हाय. कसाबी पडू दे, पार खालीच जाती."

"मग नको. जुनाच राहू दे."

"काकी, लई तरास देईल ओ तो."

"देऊ दे. हा काढलास, तर तो होता की मी होते, हे मला कोण सांगणार?"

कासीमनं त्यांच्याकडं पाहिलं, मग बोर्डाकडं.

"खाली व्हती?"

दुर्गाबाईंनी मान डोलावली. कासीमनं नवा ब्रेकर पिशवीत ठेवला.

"ताईंना काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. उद्या येतेय ती. मीच सांगेन."

मग त्यांनी मिक्सर बाजूला सारून फळीवरचा खलबत्ता उतरवून घेतला आणि पदरानं पुसायला लागल्या. ज्ञानदाला शेंगदाण्याची चटणी आवडायची.