विहिरीचं पाणी विहिरीत

“बंद करा आधी तो दिवा!”

गिरणीवाली चुलीपुढून ओरडली तेव्हा गिरणीवाला आरशापुढे उभा होता. एका गालाला साबण, दुसरा कोरडा, हातात वस्तरा. चार दिवस पावसाची झड लागली होती आणि भर सकाळी घरात तिन्हीसांजेसारखा काळोख होता.

“अगं, मग काय गाल कापून घेऊ?”

“दारात उभे राहा. बाहेर उजेड फुकट आहे.”

“बाहेर पाऊस आहे.”

“बरं झालं. पाणीही फुकट.”

गिरणीवाल्याने बटण बंद केलं आणि वस्तरा घेऊन मुकाट्याने दारात जाऊन उभा राहिला. रस्त्याने चाललेला न्हावी छत्रीखालून म्हणाला, “काय मालक, माझी मजुरीपण वाचवताय का आता?” गिरणीवाला हसला. हसण्यावारी नेण्याशिवाय त्याच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

एके काळी या माणसाच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागला की गाव जागं व्हायचं. मग शहरातून पिठाच्या तयार पिशव्या यायला लागल्या. आपणही पिशव्या भराव्यात असं याच्या डोक्यात शिरलं. बँकेचं कर्ज काढून मोठं यंत्र आणलं. यंत्र आलं, पण पिशव्या घेणारं कोणी आलं नाही. अंगापेक्षा बोंगा मोठा झाला तो झालाच. शेवटी कोर्टाने दिवाळखोर म्हणून शिक्का मारला, गिरणीला कुलूप ठोकलं आणि देण्याघेण्यावर एक साहेब नेमला. साहेब बोलायला मऊ. पण जे दिसेल त्यावर कात्री चालवायचा, म्हणून गावाने त्याचं नाव कात्रीसाहेब ठेवलं.

बँकेचा हिसका त्याच्याही आधी बसला होता. गिरणीवालीचे अंड्यांचे पैसे नवराबायकोच्या जोडखात्यात जात. ज्या बँकेचं कर्ज, तिथेच हे खातं. एके दिवशी ती पैसे काढायला गेली तर खिडकीवरचा बाबू म्हणाला, “खात्यात काही नाही, बाई. कर्जात वळते झाले.” ती म्हणाली, “अहो, कोंबड्या माझ्या, अंडी माझी. कर्ज यांचं.” बाबू म्हणाला, “खात्यावर नाव दोघांचं आहे.” आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, पण गिरणीवाल्याच्या बायकोवरच ती पाळी येईल असं तिला वाटलं नव्हतं.

पुढे कात्रीसाहेबानेच दुसऱ्या, जिचं काही देणं नाही अशा बँकेत नवीन खातं उघडायला लावलं. तिथे महिन्याला घरखर्चाची ठरावीक रक्कम पडायची. त्यातून दिव्याचं बिल, पाणीपट्टी, किराणा, औषध. बिलं आणि पासबुक दर महिन्याला साहेबाच्या टेबलावर नेऊन दाखवायची. दोन मोठी माणसं, पण खाऊच्या पैशाचा हिशेब द्यावा तशी त्या टेबलापुढे उभी राहायची.

आता एवढ्यावरही गिरणीवालीचं भागलं असतं. तिला दिवा बंद करायला लावणारी गोष्ट वेगळी होती, आणि ती होती टोपलीवाली म्हातारी.

टोपलीवालीला मागेपुढे कोणी नाही. बांबूच्या टोपल्या विणायच्या, विकायच्या आणि उरतील ते पैसे गिरणीवाल्याकडे ठेवायचे. बँकेत तिला भीती वाटायची. गिरणीवाला म्हणजे ओळखीचा माणूस, पिठाने भरलेला का होईना. छपरावर पत्रे घालायचे म्हणून दहा वर्षं तिने पैसे साठवले होते. गिरणीवाली तापाने फणफणली होती तेव्हा हीच म्हातारी आठवडाभर तिच्या उशाशी बसली होती. त्यामुळे कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज देण्याआधी गिरणीवालीनेच नवऱ्याला बजावलं, “बाकीच्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. म्हातारीचे आधी टाका.” त्याने मोटारसायकल विकली आणि म्हातारीचे सगळे पैसे मोजून दिले. म्हातारीने दुसऱ्याच दिवशी पत्रे आणून भिंतीला टेकवून ठेवले.

आणि मग साहेब गिरणीला कुलूप लावायला आला. म्हातारीने त्याला तांब्याभर पाणी दिलं. पाणी देऊन गप्प बसली असती तर ती टोपलीवाली कसली? तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

“साहेब, माणूस सोन्यासारखा हो,” ती म्हणाली. “सगळ्यांचे राहिले, पण माझे बघा, गाडी विकून दिले.”

“असं? कधी दिले, आजी?”

“झाले की पंधरा दिवस. मी गरीब, म्हणून सगळ्यांच्या आधी दिले!”

साहेबाने तांब्या खाली ठेवला. दिवाळं निघायच्या तोंडावर एकालाच आधी पैसे देता येत नाहीत, सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे, असा कायदा होता. पत्रे दुकानदाराकडे परत गेले, उरलेले पैसे साहेबाच्या खात्यात गेले. सगळ्यांना सारखं वाटप झालं तेव्हा म्हातारीच्या वाट्याला शंभरातले नऊ आले. चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हातारीला यातलं एवढंच कळलं की गिरणीवाल्याने एका हाताने दिलं आणि साहेब पाठवून दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

“मी काही केलं नाही गं, मावशी,” असं गिरणीवालीने परोपरीने सांगितलं. म्हातारी म्हणाली, “तुम्ही कशाला काही कराल? माझं नशीबच भोकाचं.”

तेव्हापासून गिरणीवालीच्या जिवाला चैन नव्हतं. म्हातारीचे पैसे फेडायचे, पण उघड देता येईना. दिले की म्हातारी गावभर सांगणार, आणि साहेब पुन्हा काढून घेणार. मग तिने युक्ती काढली. दिवे लावायचे नाहीत, पंखा लावायचा नाही, विहिरीवरची मोटर बंद, पाणी हाताने शेंदायचं. बिलाचे जे पैसे वाचतील त्यातून म्हातारीकडून टोपल्या विकत घ्यायच्या, दुप्पट भावाने. घरात माणसं दोन आणि टोपल्या बावीस झाल्या. म्हातारीला वाटे, आपल्या हाताला गिऱ्हाईक भुललं. तिने भाव आणखी वाढवला! गिरणीवाली तोही देई. असंच चाललं तर तीन वर्षांत सगळं फिटेल, असा तिचा हिशेब होता.

त्या दिवशी दाढी उरकून दोघं बसने शहरात गेली. कात्रीसाहेबाने बिल उलटसुलट करून बघितलं.

“मागच्या महिन्याचं अर्धं, या महिन्याचं त्याहून कमी,” तो म्हणाला. “छान. तुमचं तर अर्ध्यात भागतंय.”

“काटकसर करतो, साहेब,” गिरणीवाला म्हणाला. शाबासकी मिळेल असं बिचाऱ्याला वाटलं.

“चांगलं आहे. मग तुमची रक्कम तेवढी कमी करतो. उरलेले ज्यांचं देणं आहे त्यांच्यात वाटता येतील. आज आकडा ठरवला की तीन वर्षं तोच राहील.”

उपाशी राहून घास वाचवावा, तर हा म्हणतो तुमची भूकच कमी आहे. आणि आवाज चढवून भांडावं तर माणूस समोर हसऱ्या तोंडाने बसलेला.

“साहेब,” ती एकदम पुढे झाली, “हे बिल धरू नका. झड लागलीय, तारा तुटल्यात. गावात वीजच नव्हती.”

“दोन महिने?”

“येत होती जात होती. आमचं गाव तुम्ही बघितलंय की.”

साहेबाने गाव बघितलं होतं. तो जरा विचारात पडला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त कागद पाहिजे होता.

“ठीक आहे. पुढचं बिल आणा. ते जेवढं येईल त्यावर आकडा कायम करू.”

बसमध्ये गिरणीवाला कुजबुजला, “खोटं का बोललीस?”

“खरं बोलून काय पदरात पडलं? पुढच्या महिन्याचं बिल मोठं आलं पाहिजे. एकदा मोठा आकडा कायम झाला की तीन वर्षं बसू अंधारात अन् वाचवू.”

“अन् मोठं बिल भरायचं कुठून?”

“या महिन्याच्या पैशातून.”

“म्हणजे म्हातारीची टोपली?”

गिरणीवाली खिडकीबाहेर बघत राहिली. शेतात गुडघाभर पाणी साचलं होतं, बांध कुठे संपतो ते दिसत नव्हतं.

“एक महिना नाही घेतली तर काय होतंय,” ती म्हणाली. पण काय होतंय ते तिला ठाऊक होतं. म्हातारीचं छप्पर चार ठिकाणी गळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात अजब कारभार सुरू झाला. सकाळी उठलं की सगळे दिवे चालू. न्हाणीतलासुद्धा. गारठ्याने अंग काकडत असताना डोक्यावर पंखा गरगरायचा आणि दोघं गोधडी पांघरून त्याखाली बसायची. पाणी तापवायची सळई बादलीत सोडायची, उकळलं की ओतून द्यायचं. मागे मोटर चालू. भर पावसात शेताला पाणी कशाला हवं? म्हणून गिरणीवाल्याने नळीचं दुसरं तोंड पुन्हा विहिरीतच सोडलं. विहिरीचं पाणी वर यायचं आणि धबधबा विहिरीतच पडायचं. तो काठावर छत्री धरून ते बघत उभा राहायचा. पै-पै करून संसार केलेल्या माणसाला हे बघवत नव्हतं, पण बायकोपुढे बोलायची सोय नव्हती.

आठवडाभराने टोपलीवाली आली. डोक्यावर पोत्याची खोळ, काखेत दोन नव्या टोपल्या. उंबऱ्यापाशी येऊन थबकली आणि डोळ्यांवर हात धरून तिने आत बघितलं.

“काय गं, पाहुणे आलेत का?”

“नाही, मावशी. ये ना, बस.”

“मग ही रोषणाई कसली भरदिवसा?”

“काळोखी आलीय ना आभाळाची.”

“ती काय आज आलीय? मागच्या खेपेला आले तर ठेचकाळत आले मी तुझ्या घरात.” म्हातारीने कान टवकारले. “अन् मोटर कशाला चालू? मागनं आले ना मी. विहिरीचं पाणी विहिरीत? डोकंबिकं फिरलं का तुम्हा दोघांचं?”

“दुरुस्त केलीय. चालते का बघतोय.”

म्हातारीला ते पटलं नाही, पण तिला धंदा करायचा होता. तिने टोपल्या पुढे केल्या. “बरं, या घे. बांबू महागलाय, भाव वाढवून दे.”

गिरणीवालीने टोपली हातात घेतली, फिरवली आणि परत ठेवली.

“या महिन्याला नको, मावशी.”

“नको? का, वीण बिघडली?”

“वीण चांगली आहे. पैसे नाहीत.”

म्हातारीने एकेक दिवा बघितला, पंखा बघितला, बादलीतली वाफ बघितली.

“पैसे नाहीत,” ती म्हणाली. “माझ्या अंथरुणाखालून ओहोळ गेलाय गं. डोक्यावर टोपली घेऊन बसून राहते मी. आडवं व्हायला कोरडी जागा नाही. अन् तू विहिरीला अंघोळ घालतेस?”

“मावशी, एवढ्या महिन्यापुरतं…”

गिरणीवालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. या बावीस टोपल्या कशाला घेतल्या, अंधारात का बसलो, हे दिवे कुणासाठी लावलेत, सगळं सांगून म्हातारीच्या गळ्यात पडावं आणि रडून घ्यावं असं तिला झालं. पण सांगितलं असतं तर संध्याकाळी ते गावात झालं असतं आणि उद्या साहेबाच्या टेबलावर. तिने ओठ मिटून घेतले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

“सोन्यासारखा माणूस म्हणाले होते मी त्या साहेबाला,” म्हातारी टोपल्या उचलत म्हणाली. “झडली असती माझी जीभ तर बरं झालं असतं. आता या दाराला टोपली आणणार नाही मी.”

ती गेली. मागच्या दाराने गिरणीवाला निथळत आत आला. त्याने सगळं ऐकलं होतं.

“आता ती यायची नाही,” तो म्हणाला. “पुढे रक्कम मिळेल गं, पण द्यायची कुणाला?”

“ती येणार नाही तर मी जाईन. शिव्या घालील, खाईन. टोपली घेऊनच येईन.”

“मग मोटर बंद करू का? निदान आजच्यापुरती?”

“चालू राहू द्या,” गिरणीवाली म्हणाली आणि तोंडावरून हात फिरवला.

बाहेर म्हातारी पहिल्याच घरापुढे थांबली होती. पावसाच्या आवाजावर आवाज चढवून ती सांगत होती, “जा, बघून या! माझे पैसे जळतायत त्या घरात!”

आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.