पुढचं वाचू नका

"...आणि जर नाडी क्षीण असेल, परंतु जर रुग्णास लघवी झाली असेल, आणि जर..." शांतलिंगचं बोट तिसऱ्या 'जर'पाशी अडकलं. पहिला 'जर' काय म्हणत होता, ते तो विसरून गेला होता.

छप्पन्न साल. सोनारीच्या जत्रेत पटकीची साथ पसरली होती. तंबूत डॉक्टर एकटेच सलाईन लावत होते. दारात कुणाला आधी आत घ्यायचं, हे ठरवायचं काम शांतलिंगवर आलं. निजामाच्या राज्यात दवाखान्यात झाडलोटीला लागलेला, चौथीपर्यंत शिकलेला माणूस. हातात वरून आलेला सूचनेचा कागद. अख्खं पान म्हणजे एकच वाक्य.

तो वाक्याच्या टोकाला पोचला, तेव्हा समोर खांबाला टेकलेले जळकोटचे सिदूआप्पा संपले होते.

"म्या वाचतच हुतो, बाई," एवढंच तो म्हणाला.

नर्स सायराबींनी म्हाताऱ्याचे डोळे मिटले. मग कागद उलटा केला आणि उभ्या उभ्याच पेन्सिलीनं ठळक लिहिलं:

नाडी लागत नाही? आत न्या. पुढचं वाचू नका.
सकाळपासून लघवी नाही? खाटेवर घ्या. पुढचं वाचू नका.
जुलाब चालू? सावलीत बसवा, मीठपाणी पाजा. पुढचं वाचू नका.
बाकी सगळे लसीची सुई टोचून घरी.

"एका टायमाला एकच सवाल, शांतलिंगभाऊ. जवाब भेटला की थांबायचं."

"एवढ्यात समदं आलं?"

"समदं. काही गाळलं न्हाय."

त्यानं कागद उलटून पाहिला. खरंच, सगळं आलं होतं.

इतक्यात बैलगाडी थांबली. बिराप्पानं बायकोला, नागम्माला, हातांवर उचलून आणलं. "बघा की वो, बोलंना झालीय!"

शांतलिंगनं तिचं मनगट धरलं. बोटांखाली काहीच नव्हतं. दुसऱ्या ओळीकडं त्यानं पाहिलंही नाही.

"आत घ्या! आदी हिला!" तो ओरडला. असा आवाज आपल्यापाशी आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दिवस कलला तेव्हा डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "दारात कोण होतं? एकही माणूस चुकीच्या जागी गेला नाही."

"हे होते," सायराबी म्हणाल्या. स्वतःचं नाव त्यांनी घेतलं नाही.

कागदाची शांतलिंगला जन्मभर धास्ती वाटत आली होती. चार ओळींत मरणाच्या दारातून माणूस ओढून आणायची ताकद असते, हे त्यानं आज पाहिलं होतं. देवाकडं बघावं तसा तो सायराबींकडं बघत राहिला.

"बघताय काय? ती पाणी मागतीय."

"नीरू... नीरू..." नागम्मा पुटपुटत होती. त्यानं आत जाऊन पाण्याचा चमचा तिच्या ओठांना लावला. एक घोट गळ्याखाली उतरला. मग दुसरा.