रिकाम्या खुर्चीतला हुंकार

या माउलींनो, जरा पुढं सरकून बसा. एक गोष्ट सांगतो, पण हुंकार देत राहा बरं का. टाळकरी गप्प झाले की बुवांचाही सूर पडतो, तसंच गोष्टीचं असतं. आणि या गोष्टीचा तर सगळा जीवच हुंकारात आहे.

डॉक्टर शरयूताई मिरजेतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याच्या प्रमुख. हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं होतं आणि त्या साताऱ्याला निघाल्या होत्या, आमदार नानासोंना भेटायला. नानासो फलटणकडचे ऊसवाले, पण आरोग्याचा विषय निघाला की सभागृह त्यांचं ऐकून घ्यायचं. ताईंचं मागणं एवढंच, की जतच्या पलीकडच्या माळावर सरकारी दवाखान्यात रक्त साठवायची सोय व्हावी. नानासोंनी दुपारची वीस मिनिटं दिली होती.

गाडीत शेजारी ट्रस्टचे चिटणीस पुष्कर बसले होते. कराड मागं पडलं तसे ते म्हणाले, "ताई, आमदारांना आकडे सांगून काही होत नाही. त्यांच्या ध्यानात माणूस राहतो. एकच कागद द्या आणि पल्लवीची गोष्ट सांगा. फक्त ती शेवटची चाळीस मिनिटं गाळा."

"का गाळू?"

"का म्हणून काय विचारता? दवाखान्याचं नाव आहे. आणि त्या नोटिशीखाली सही तुमची आहे."

 ताईंना हरणाबाई आठवली.

हरणाबाई म्हणजे पल्लवीची सासू. मेंढरांमागं जन्म गेलेली. पल्लवीचं नाव आमदारांपुढं घ्यायचं तर घरच्यांना विचारायला हवं, म्हणून ताई पंधरा दिवसांपूर्वी माळावर गेल्या होत्या. वाघरीपाशी, मेंढरं कोंडलेल्या जाळीशेजारी, म्हातारीनं घोंगडं अंथरलं. झोळीत पल्लवीची तीन महिन्यांची लेक झोपली होती.

"सांगते," हरणाबाई म्हणाली, "पर हुंकार द्या बाई. जित्या माणसानं न्हाई दिला, तर जिची गोष्ट हाय ती देती."

ताईंनी हुंकार दिला, अगदी शेवटपर्यंत. उठताना म्हातारीनं त्यांचा हात धरला. "घ्या तिचं नाव. पर आख्खी सांगा. निम्मीच सांगितली तर ती वाटंवरच ऱ्हाईल, आवं."

विश्रामगृहाच्या खोलीत वेताच्या चार खुर्च्या होत्या. नानासो, पुष्कर आणि ताई बसले. चौथी खिडकीपाशी रिकामीच. शिपाई गुंडा चहा घेऊन आला, तो चार कप घेऊन.

"तीनच माणसं हायती रं," नानासो म्हणाले.

"आत येताना चौघं मोजली की साहेब. त्या घोंगडंवाल्या बाई..." गुंडानं खोलीभर पाहिलं, चौथा कप खिडकीच्या खुर्चीपुढं ठेवला आणि घाईनं बाहेर गेला.

नानासो हसले. "आमचा गुंडा दिवसाढवळ्या चुकतोय. बोला डॉक्टर. कागद तेवढा ठेवून द्या. चष्मा गाडीत ऱ्हायलाय. आन खरं सांगू? असला तरी वाचत न्हाई मी."

ताई बोलू लागल्या. "पल्लवी नावाची मुलगी होती. बावीस वर्षांची."

"व्हय."

आवाज बारीक होता, खिडकीकडून आलेला. नानासोंना वाटलं, पुष्कर बोलले. पुष्करांना वाटलं, नानासो.

"मेंढपाळाच्या घरची सून. पहिलं बाळंतपण. बाळ सुखरूप झालं, पण रक्त थांबेना."

"व्हय."

आता दोघांनीही तिकडं पाहिलं. खुर्ची रिकामी होती, पण तिची वेताची वीण कुणी बसावं तशी खाली झुकली होती. खोलीत ओल्या लोकरीचा वास भरला.

ताई थांबल्या नाहीत. "माळावरच्या दवाखान्यात रक्ताची एकही पिशवी नव्हती. मिरजेला न्या म्हणाले. दोन तासांची वाट."

"व्हय."

"आमच्या दारात पोचेपर्यंत उशीर झाला होता. गाडीतच तिनं प्राण सोडला."

हुंकार आला नाही.

कपावरची वाफ होती तिथंच थांबली. बाहेर झाडावर पाखरं कलकलत होती, तीही गप्प. ताईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आवाज घशातून निघाला आणि खोलीत कुठं पोचलाच नाही, जणू विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये.

नानासो हलक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, पुढं?"

पुष्करांनी मान हलवली, नको म्हणून.

ताईंनी खुर्चीकडं तोंड केलं. आता त्या तिलाच सांगत होत्या. "खोटं बोलले मी. ती आमच्या दारात आली तेव्हा जिवंत होती."

"व्हय."

"आमच्या फ्रीजमध्ये तिच्या गटाच्या तीन पिशव्या होत्या."

"व्हय."

"आधी बदली रक्तदाता आणा, मगच पिशवी मिळेल, अशी नोटीस आम्ही लावली होती. तिचा दीर धनाजी मिरजेच्या गल्ल्यांतून माणूस शोधत पळत होता. चाळीस मिनिटं. तेवढ्यात तिनं प्राण सोडला. नोटीस माझ्या सहीची."

"व्हय, बाई."

हा शेवटचा हुंकार खुर्चीतून आला नाही. तो ताईंच्या कानाशी आला, उबदार, लहान मुलाला थोपटताना आई देते तसा.

 नानासोंनी ताईंचाच कागद पालथा केला आणि पेन काढलं. "हे सभागृहात मांडलं, तर पहिलं नाव तुमच्याच दवाखान्याचं निघंल. चालंल?"

"चालेल. माळावर रक्त ठेवा, हे लिहा. आणि रक्तदाता आणला नाही म्हणून कुठल्याच दारात कुणाला अडवू नये, हेही लिहा."

"ताई!" पुष्कर उभे राहिले.

"बसा हो पुष्कर," नानासो म्हणाले. ते मान खाली घालून लिहीत होते.

गुंडा कप उचलायला आला आणि दारातच थबकला. चौथ्या कपावर साय जशीच्या तशी होती. सायीखाली चहा नव्हता.

नानासोंनी शब्द पाळला. पुढं चौकशी बसली, ताईंची खुर्ची गेली. वर्षानं माळावरच्या सरकारी दवाखान्यात रक्ताची शीतपेटी आली. ताई आता आठवड्यातून दोन दिवस तिथं जातात, आणि निघताना हरणाबाईकडं नातीला मांडीवर घेऊन बसतात.

तर माउलींनो, झाली गोष्ट. देवाच्या दारात कुणाला थांबवत नाहीत, आपल्या दारात थांबवतात, एवढं बोलतो आणि पुरे करतो. मगाशी मी सांगत असताना मागच्या ओळीतून हुंकार येत होता, आणि मागं तर कुणीच बसलेलं नाही. भिऊ नका. घरी जाताना तिचं नाव तेवढं घ्या. पल्लवीला आठवणीत ठेवा, आख्खी.