गडद कापड

ताईनं आईची खुर्ची टेम्पोत घालून पाठवली आणि वर फोन केला, "कापड गडदच लाव हं. काळं नाहीतर चॉकलेटी." धाकटीनं बरं म्हटलं. खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवणं हा तिचा धंदा. गिऱ्हाईक मागेल तो रंग द्यायचा, उगाच डोकं चालवायचं नाही.

या धंद्यातली आळशी माणसं जुन्या कापडावरच नवं ठोकून मोकळी होतात. धाकटीला त्याची भयंकर चीड. ती पार लाकडापर्यंत उसवते. आज मात्र ती स्टुलावर बसूनच उसवत होती. पाळी चालू होती, आणि उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

गेल्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून समजावलं होतं. "रक्त निम्म्यावर आलंय तुमचं. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या असतात, त्यांनी रक्त जाणं कमी होतं. हार्मोनच्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचं छोटं साधन आहे, ते काही वर्षं काम करतं. पिशवी काढणं सगळ्यात शेवटी. तपासून ठरवू, पण ठरवायला या तरी."

"आमच्या घरात सगळ्यांनाच असं जातं. आईला जायचं, ताईलाही जातं."

"आई कशा आहेत?"

"गेली. हृदय कमजोर होतं," म्हणून धाकटी उठली, ती परत फिरकलीच नाही.

वरचं काळं कापड निघालं. त्याखाली मरून मखमल, आणि मधोमध वाळलेला तपकिरी डाग. मखमलीखाली निळं कापड. डाग त्याच जागी, पण लालसर. त्याखाली हिरवं, आणि त्यावर लालभडक. धाकटीचे हात थांबले. खालचा डाग वरच्यापेक्षा जुना असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. इथे तो ताजा होत चालला होता.

खालचे खिळे ओळखीचे होते. सगळे तिरके, आईच्या डावखुऱ्या हाताचे. काळ्या कापडाचे तेवढे सरळ होते. आईला खुर्ची सजवायची भारी हौस, अशी घरात थट्टा चालायची. ओठांत खिळे धरून ती ठोकत बसायची, आणि तिच्या शेजारीच धाकटी हातोडी धरायला शिकली. खुर्चीतून उठताना आई उशी पाठीमागे धरायची. चेहरा पांढराफटक. कुणी विचारलंच तर म्हणायची, "बायकांचं असंच असतं." धाकटीला रडू फुटलं. आईचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

तिनं शेवटचं, क्रीम रंगाचं कापड खेचून काढलं. ते ओलं होतं. बोटांना कोमट लागलं. तिनं घाईघाईनं स्वतःचे कपडे तपासले, ते कोरडे होते. खुर्चीला तर ती आज टेकलीही नव्हती.

फोन वाजला. ताईच होती. "काय गं, गडदच लावतेस ना?"

"ताई, वरचं काळं कापड तू ठोकलंस?"

"हो," ताई म्हणाली. "या वेळीही मीच ठोकणार होते गं. पण हातोडी उचलवेना. परवा जिन्यात घेरी येऊन पडले."

"मी क्रीम रंगाचं लावणार आहे."

"वेड लागलंय का तुला? त्यावर बसणार कोण?"

मागे खुर्चीच्या उघड्या स्प्रिंगा करकरल्या. थकलेलं माणूस हळूहळू उठावं, तशा. आई उठायची तेव्हा अश्शाच वाजायच्या. धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं वळून पाहिलं नाही.

"आपण दोघी बसणार," ती म्हणाली. "पण आधी डॉक्टरीणबाईंकडे. तू रिक्षा कर आणि निघ. मी आत्ताच दोघींचा नंबर लावते."